पेशी पेशीपासूनच

नववीतल्या मुलाला झोपेतून उठवून विचारले तरी पेशी सिद्धान्ताची तीन विधाने तो घडाघडा म्हणून दाखवील. सगळे सजीव एका किंवा अनेक पेशींचे बनलेले असतात. पेशी हा सजीवाच्या रचनेचा आणि कार्याचा मूलभूत घटक आहे. नवी पेशी आधीच्या पेशीपासूनच तयार होते. परीक्षेत तिन्हींना सारखेच गुण असल्यामुळे तिन्ही सारख्याच वजनाची आहेत असा मुलांचा समज होतो. तो खरा नाही. पहिली दोन विधाने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणाऱ्या कोणाही चिकाटीच्या माणसाने आज ना उद्या केलीच असती. तिसरे विधान मात्र कोणी पाहिले नाही अशा ठिकाणांबद्दल आणि काळांबद्दलही बोलते. ते पटवून घ्यायला युरोपातल्या मोठमोठ्या डोक्यांना वर्षानुवर्षे भांडावे लागले, आणि आजार समजून घेताना आजही कामाला येते ते तेच.

म्हणून या प्रकरणात पहिल्या दोघांना उभ्या उभ्या भेटून आपण तिसऱ्याच्या मागे जाऊ. वाटेत जर्मनी लागेलच, पण निघायला गोव्यातली साखळी चांगली. तीही मार्च-एप्रिलमधली, काजूच्या हंगामातली.

त्या दिवसांत साखळी सोडून वाळपईच्या रस्त्याला लागले की डोंगराच्या कडेकडेने पिकल्या बोंडूंचा उग्र गोड वास नाकात शिरतो. बिया पिळून वेगळ्या काढायच्या आणि उरलेले बोंडू तुडवून त्यांचा रस काढायचा, हे काम घरोघरचे. तुडवलेल्या चोथ्यावर वजन ठेवले की अगदी शेवटी जो स्वच्छ रस ठिबकतो तो निरो. तो तसाच प्यायचा. बाकीचा रस पूर्वी मडक्यांत भरून ठेवत, आता बहुधा प्लॅस्टिकच्या पिंपांत ठेवतात. त्यात वरून काहीही घालायचे नसते. तरी दुसऱ्या दिवशी पिंपात बुडबुडे उठू लागतात, वर फेस जमतो, कान लावला तर बारीक सळसळ ऐकू येते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गोडी सरते आणि रस भाटीवर चढवण्याजोगा होतो. पहिल्यांदा उतरते ती हुर्राक, पुन्हा ऊर्ध्वपातन केले की फेणी. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे तिच्याबद्दल पुस्तकात लिहायला आता कोणाची हरकत नसावी.

दुसऱ्या दिवसाच्या पिंपातला एक थेंब काचपट्टीवर घ्या. वर अलगद आच्छादक काच ठेवा, कडेने ओघळलेला रस टिपकागदाने टिपा आणि शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली चारशेपट मोठा करून बघा. चोथ्याचे तुकडे आधी डोळ्यांत भरतील, ते सोडून द्या. त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत लंबगोल, पारदर्शक, काठाशी किंचित चकाकणारे ठिपके दिसतील. ते यीस्ट. प्रत्येक ठिपका म्हणजे एक अख्खा जीव आणि तोच एक अख्खी पेशी. तिची लांबी ५ ते १० मायक्रोमीटर. म्हणजे एका मिलिमीटरमध्ये शंभराहून अधिक सहज मांडता येतील. आता जरा सावकाश बघत राहा. काहींच्या कडेला फुगवटा दिसेल. कुठे तो नुकता धरलेला, कुठे आईच्या निम्म्याएवढा झालेला, कुठे सुटायच्या बेतात आलेला. मिथिलीन ब्लूचा फार सौम्य थेंब सोडला तर मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत पेशी मात्र तो रंग मोडून टाकतात आणि बिनरंगी राहतात.

बोंडूच्या सालीवरून, कीटकांच्या पायांवरून, धुतलेल्या पण पूर्ण न धुतल्या गेलेल्या भांड्यांच्या कडांवरून रसात आलेल्या थोड्याशा पेशींची ही प्रजा आहे. एका पेशीच्या दोन व्हायला दोन तास धरले तरी चोवीस तासांत एकीच्या ४०९६ होतात. साखर खायची, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायचा, आणि वाढायचे. रसाला येणारा कैफ हा त्यांच्या जगण्याचा उकिरडा आहे असे म्हटले तर भाटीवरची मंडळी रागावतील, पण आहे ते असे आहे. साखर संपली आणि अल्कोहोल वाढला की त्याच पेशी मंदावतात. भाटीच्या आचेवर उरलेल्याही मरतात, त्यामुळे बाटलीतल्या हुर्राकेत जिवंत पेशी शोधायला जाऊ नये.

पेशी सिद्धान्ताच्या इतिहासात हेच यीस्ट फार लवकर येते, हे पाठ्यपुस्तके सहसा सांगत नाहीत. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या थिओडोर श्वान याने १८३७ साली दाखवून दिले की आंबण्याची क्रिया जिवंत यीस्टमुळे होते. त्याने साखरेचे द्रावण यीस्टसकट उकळले आणि आत फक्त तापवून घेतलेली हवा सोडली. द्रावण आंबले नाही. यीस्टला कोंब फुटून त्याची वाढ होते, हेही त्याने पाहून लिहिले. रसायनशास्त्रज्ञांना हे मुळीच रुचले नाही. आंबणे ही निव्वळ रासायनिक घडामोड, त्यात जीव कुठून आला, असा त्यांचा सूर. १८३९ मध्ये लीबिग आणि व्यूलर या दोन दिग्गजांनी आपल्याच नियतकालिकात एक निनावी टवाळी छापली. तिच्यात यीस्ट म्हणजे भाटीच्या भांड्याच्या आकाराचे चिमुकले प्राणी. ते तोंडाने साखर गिळतात आणि मागून अल्कोहोल सोडतात. गंमत अशी की टवाळी म्हणून लिहिलेले हे वर्णन त्यांच्या गंभीर मतापेक्षा सत्याच्या जास्त जवळ होते.

त्याच १८३९ साली श्वानचे पेशींवरचे पुस्तक आले. त्याआधीचे थोडक्यात सांगायचे तर असे. इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापात कप्पे पाहिले, त्यांना नाव दिले आणि एका घन इंचात ते सव्वाशे कोटींच्या आसपास भरतील असा हिशेबही मांडला. पण बूच मेलेले. हूकने पाहिल्या त्या रिकाम्या भिंती. डेल्फ्टच्या लेवनहूक या कापडाच्या व्यापाऱ्याने स्वतः घासलेल्या भिंगांतून पाण्यातले जिवंत सूक्ष्मजीव पहिल्यांदा पाहिले. १८३१ मध्ये रॉबर्ट ब्राऊनला ऑर्किडच्या पानांच्या त्वचेत प्रत्येक पेशीत एक गडद गोळा आढळला, तो केंद्रक. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडाला झाडांवर सीतेची वेणी फुलते, ती याच ऑर्किडांच्या कुळातली. केंद्रक पाहायला मात्र एवढे झाड चढायची गरज नाही. पुरुमेंतात, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीत, भरलेल्या कांद्याच्या माळेतला एक कांदा पुरतो. आतल्या पापुद्र्याच्या खोलगट बाजूची साल चिमट्याने ओढायची, आयोडिनचा थेंब टाकायचा, आणि विटा रचाव्यात तशा लांबट पेशींत एका कडेला सरकलेला पिवळसर गोळा दिसतो.

वनस्पतींचे सगळे अवयव पेशींचेच, हे श्लायडेनने १८३८ मध्ये मांडले. श्वानने बेडकाच्या पिल्लांच्या ऊतींत तेच पाहिले आणि प्राण्यांनाही त्या विधानात ओढून घेतले. झाड आणि जनावर यांच्यातली जुनी भिंत एका वर्षात पडली. पहिली दोन विधाने इथे पुरी होतात. तिसऱ्यावर मात्र दोघेही सपशेल घसरले. नव्या पेशी पेशींमधल्या द्रवात स्फटिक धरावेत तशा आपोआप जमतात, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या माणसाने यीस्टला यीस्टपासूनच कोंब फुटताना पाहिला, तोच बाकीच्या सृष्टीसाठी द्रवातून पेशी घडवत होता. डोळ्यांसमोरचा पुरावा आणि डोक्यातला सिद्धान्त यांची गाठ पडेलच असे नसते. विज्ञानाचा इतिहास अशा चुकामुकींनी भरलेला आहे.

गाठ घालून दिली रॉबर्ट रेमाकने. पोझेनमध्ये जन्मलेला हा ज्यू संशोधक बर्लिनमध्ये कोंबडीच्या वाढत्या गर्भाचे रक्त तपासत होता. लाल पेशी मध्ये आवळून एकीच्या दोन होताना त्याला १८४० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसल्या. आपण पाहिले ते अपवाद नसून सर्वत्र लागू आहे, हे छापून सांगायला त्याने १८५२ साल उजाडू दिले. तीन वर्षांनी रुडॉल्फ फिरखोने तेच तत्त्व एका चटकदार लॅटिन वाक्यात बसवले, १८५८ मध्ये त्यावर रोगविज्ञानाचा ग्रंथ उभारला आणि श्रेय घेऊन गेला. रेमाकने धर्म बदलायला नकार दिला होता, त्यामुळे त्याला पूर्ण प्राध्यापकपद कधीच मिळाले नाही. पाठ्यपुस्तकांत आजही तिसऱ्या विधानापुढे फिरखोचे एकट्याचे नाव छापतात. ही खोड मोडायला हवी.

रेमाकला कोंबडी लाभली हे त्याचे भाग्य. पक्ष्यांच्या लाल रक्तपेशींत केंद्रक असतो. आपल्या लाल पेशी मात्र अस्थिमज्जेतून रक्तात उतरण्यापूर्वीच तो टाकून देतात, म्हणून त्या विभागत नाहीत आणि सुमारे १२० दिवसांत संपतात. आपल्या शरीरात ३० लाख कोटींच्या आसपास पेशी आहेत असा अंदाज आहे, आणि त्यांतल्या दहापैकी आठांहून अधिक या बिनकेंद्रकी लाल पेशीच आहेत.

पक्ष्यांच्या रक्ताचा विषय निघाल्यावर गोव्यातले एक नाव टाळून पुढे जाता येत नाही. बाणावलीत १८८७ साली जन्मलेले डॉ. फ्रोइलानो द मेलो हे पणजीच्या वैद्यकीय शाळेचे संचालक होते. ही शाळा १८४२ सालची, म्हणजे श्वानच्या पुस्तकानंतर अवघ्या तीन वर्षांनी सुरू झालेली. द मेलो पुढे पणजीचे नगराध्यक्षही झाले, पण त्यांचा खरा जीव एकपेशीय प्राण्यांत. १९३० च्या दशकात त्यांनी गोव्यातल्या पक्ष्यांच्या रक्तातले परजीवी शोधून त्यांची वर्णने प्रसिद्ध केली. त्यांत हिमोप्रोटियस नावाचा हिवतापाच्या जंतूचा एक नातलग आहे. तो पक्ष्याच्या लाल पेशीत शिरतो आणि तिच्या केंद्रकाला वळसा घालून वाढतो. रंगवलेल्या काचपट्टीवर लंबगोल लाल पेशी, तिचा केंद्रक, आणि त्याला बिलगून बसलेली दुसरीच पेशी, असे दृश्य दिसते. एका पेशीच्या पोटात दुसरी पेशी, आणि दोघींचे वंश वेगळे.

असे पोटात शिरणे प्रत्येक वेळी परजीवीपणातच संपते असे नाही. आपल्या पेशींतली ऊर्जा तयार करणारी तंतुकणिका ही कधीकाळी स्वतंत्र राहणारा जिवाणू होती, हे लिन मार्ग्युलिसने १९६७ मध्ये हिरिरीने मांडले आणि पुढे पुराव्यांनी पटले. आला पाहुणा म्हणून आणि राहिला घरचा होऊन, पण आपला वेगळा डीएनए त्याने अजून सोडलेला नाही. त्यामुळे तंतुकणिकाही तंतुकणिकेपासूनच होते. पेशी तिला नव्याने घडवू शकत नाही. वनस्पतींतल्या हरितलवकांची गोष्टही तीच. ती हलती पाहायची असेल तर संथ ओढ्यातली किंवा तळ्यातली हायड्रिला आणा. टोकाकडचे एक कोवळे पान पाण्याच्या थेंबात ठेवा आणि दिव्याच्या ऊबेत पाच-दहा मिनिटे थांबा. सुरुवातीला सगळे चित्रासारखे स्थिर असते. मग एखाद्या पेशीत हिरवे दाणे भिंतीच्या कडेकडेने सरकू लागतात, कोपऱ्यावर वळतात, पुन्हा फिरून येतात. त्यांना वाहून नेणारा पेशीद्रव दिसत नाही, त्याचे वाहणे दिसते.

तिसऱ्या विधानाची काळी बाजू फिरखोला लगेच दिसली होती. पेशी पेशीपासूनच होत असेल, तर गाठीतली बिघडलेली पेशीही बाहेरून आलेली नव्हे. ती आपल्याच कोणा पेशीची लेक. भारतात या दिशेने पद्धतशीर काम उभे करणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर अग्रभागी. आडनावातच वेंगुर्ल्याजवळचे खानोली गाव आहे, पेडण्याहून तेरेखोल ओलांडले की फार लांब नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळा त्यांनी १९४१ पासून सांभाळल्या. १९४५ मध्ये त्यांनी सवयींमुळे होणाऱ्या कर्करोगांवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात धोतराच्या कर्करोगाचे वर्णन आहे. कमरेला त्याच जागी वर्षानुवर्षे घट्ट आवळलेले धोतर, तिथे कातडीला सतत होणारे घर्षण, ती झीज भरून काढायला पेशींची सततची विभागणी, आणि त्यांतल्या एखाद्या पेशीने कधीतरी थांबायचे विसरणे. पेशीचे प्रत्येक विभाजन ही डीएनएची नक्कल असते आणि नकलेत चुका होतात. जिथे नकला जास्त, तिथे चुकांना वाव जास्त.

खानोलकरांच्या हाताखाली तयार झालेल्या डॉ. कमल रणदिवे या पुण्याच्या. पदव्युत्तर अभ्यासात त्यांनी सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रे तपासली होती. तिथून त्या माणसाच्या आणि उंदराच्या पेशींकडे वळल्या. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गाठीतून, तिला न विचारता, घेतलेल्या पेशी १९५१ मध्ये याच प्रयोगशाळेत वाढू लागल्या होत्या. त्या हेला पेशी आजही जगभर वाढताहेत, त्यांची मूळ मालकीण त्याच वर्षी गेली. निरोगी मानवी पेशी काचेच्या भांड्यात चाळीस-साठ वेळा विभागून थांबते. कर्करोगाची थांबत नाही. रणदिवे यांनी मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली आणि शरीराबाहेर पेशी वाढवून त्यांचा अभ्यास करणे आपल्याकडे शक्य केले.

हे सगळे ऐकल्यावर वर्गातला एखादा चौकस मुलगा हमखास विचारतो, मग पहिली पेशी कुठून आली? प्रश्न रास्त आहे. तिसरे विधान आजच्या पृथ्वीला लागू आहे. पहिली पेशी ज्या पृथ्वीवर जमली तिच्या हवेत प्राणवायू जवळजवळ नव्हता आणि तयार अन्न फस्त करायला दुसरे जीवही नव्हते. ते एकदा घडले, ३५० कोटी वर्षांपूर्वीच्याही आधी, आणि त्यानंतरच्या ज्या वंशातून आपण सगळे उतरलो तो अखंड चालत आला. तुमच्या बोटाच्या टोकावरची पेशी आईच्या अंडपेशीपर्यंत नेता येते, ती आजीच्या, आणि असे मागे जाताना साखळी कुठेही तुटत नाही.

त्या साखळीच्या फार जुन्या कड्यांची खूण डिचोली तालुक्यात ट्रकांतून वाहून नेली जाते, असे म्हटले तर अतिशयोक्ती वाटेल. साखळीच्या रस्त्यांवर, पानांवर, कौलांवर बसणारी खाणीची तांबडी धूळ लोहखनिजाची. हे खनिज पट्टेदार खडकांतून आले. गोव्यातल्या ज्या खडकसमूहात ते सापडते, त्यातल्या एका स्तरसमूहाला भूशास्त्रज्ञांनी डिचोलीचेच नाव दिले आहे. हे खडक २५० कोटी वर्षांपेक्षा जुने. त्या काळी समुद्रात विरघळलेले लोह भरपूर होते. सूर्यप्रकाशावर जगणाऱ्या एकपेशीय जीवांनी प्राणवायू सोडायला सुरुवात केली, लोह गंजले आणि थर धरून तळाशी बसले. काही जिवाणूंनी प्राणवायूविनाही, थेट प्रकाशाच्या बळावर, लोहाचे ऑक्साइड केले असावे असेही एक मत आहे. दोन्ही मतांत काम पेशींचेच. पुढे पावसापाण्याने या खडकातली सिलिका झिजवून नेली आणि लोहाचे प्रमाण वाढले. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा या भागातल्या चुली कशा थंडावल्या ते इथल्या माणसांना सांगायला नको. त्या अर्थव्यवस्थेचा पाया केंद्रकही नसलेल्या पेशींनी घातला होता, एवढेच इथे नोंदवायचे.

आता उरला सिद्धान्ताच्या कुंपणावर बसलेला प्राणी, विषाणू. त्यालाही शोधायला लांब जायला नको. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, पाठोपाठ माणसे तापाने पडू लागली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, त्यामागचा विषाणू शोधून काढला. २०१५ मध्ये तो ताप, म्हणजेच माकडताप, गोव्यातल्या सत्तरीत आला, त्यानंतर दोडामार्गकडेही. पसरवतात गोचिडी, आणि त्यांचा जोर नेमका काजूच्या हंगामात असतो, जेव्हा माणसे बोंडू वेचायला रानात असतात.

हा विषाणू यीस्टच्या पेशीच्या शंभराव्या भागाएवढा, सुमारे ५० नॅनोमीटरचा. आत आरएनएची एक दोरी, भोवती प्रथिने आणि यजमान पेशीकडून उचललेले एक पातळ आवरण. तो खात नाही, वाढत नाही, विभागत नाही. पेशीत शिरतो आणि तिच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या शेकडो प्रती करवून घेतो. म्हणून त्याला सजीवांच्या पंगतीत बसवायचे की नाही यावर एकमत नाही. पण त्यालाही पेशीवाचून पुढची पिढी नाही, त्यामुळे तिसऱ्या विधानाला त्याने धक्का लावलेला नाही.

दवाखान्यात मात्र हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. अंगात ताप भरला की लोक अँटिबायोटिकची गोळी मागतात. पेनिसिलिन जिवाणूच्या पेशीभित्तिकेच्या बांधणीत खोडा घालते. इतर काही औषधे त्याच्या रायबोसोमवर, प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेवर, घाव घालतात. आपल्या पेशींना भित्तिका नाही आणि आपले रायबोसोम वेगळ्या घडणीचे, म्हणून ती औषधे जिवाणूला मारून आपल्याला सोडतात. विषाणूकडे यांतले काहीच नाही. माकडतापावर अँटिबायोटिक चालत नाही ते यामुळे. रुग्णालयात शरीरातले पाणी, रक्तदाब आणि रक्तस्राव सांभाळत रुग्णाला त्यातून काढावे लागते. रानात जाणाऱ्यांनी हातपाय झाकून आणि गोचीड दूर ठेवणारे तेल लावून जावे, घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून कपडे धुवावेत, आणि मेलेले माकड दिसले तर त्याला हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावे.